कच्चं लिंबू कुणालाच व्हायचं नसतं: मुलांचा पट आणि पाच प्राण्यांचा समतोल

मे महिन्यात सोलापुरात सकाळी अकरानंतर मुलांना बाहेर सोडता येत नाही. पारा ४२ च्या वर गेला की गल्लीत चिटपाखरू दिसत नाही. अशा दुपारी अशोक चौकाजवळच्या आमच्या घरात माझी दोन भाचरं आणि शेजारची तीन अशी पाच मुलं जमतात. कॅरम झाला, पत्ते झाले, सापशिडी झाली. मग एका दुपारी भाची म्हणाली, "मावशी, आपण आपलाच पट करू या ना."

पट कशावर काढायचा, हा प्रश्न शेजारच्या आजोबांनी सोडवला. चादरीवर नक्षी उठवण्यासाठी त्यांच्या कारखान्यात पूर्वी जॅकार्ड मागाची पुठ्ठ्याची कार्डं लागायची, ओळीने भोकं पाडलेली. ती एका पोत्यात पडून होती. आम्ही ती शेजारी शेजारी जोडली, वर पांढरा कागद चिकटवला आणि त्यावर ४० घरं आखली. विषय मुलांनी निवडला: नान्नजचं माळरान. थंडीत आम्ही बार्शी रस्त्याने तिथं जाऊन आलो होतो. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली राखलेलं हे अभयारण्य. आम्हाला काळविटांचे कळप दिसले, माळढोक दिसला नाही. पटावर मात्र तो हवाच, असं एकमताने ठरलं.

खेळ साधा होता. माळाच्या कडेपासून निघायचं, पाणवठ्यावर जो आधी पोचेल तो जिंकला. प्रत्येक प्राण्याला एकेक खास शक्ती. काळवीट वेगवान, म्हणून त्याने दोनदा फासा टाकायचा आणि मोठा आकडा घ्यायचा. बाकीच्यांना अशाच काही गमतीदार सवलती. पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी पाचही मुलांना काळवीटच हवा होता. भांडण झालं, "रडीचा डाव" झाला, आणि शेवटी सहा वर्षांच्या धाकट्याची समजूत घालायला कुणीतरी म्हणालं, "तू कच्चं लिंबू हो, तुला दोनदा टाकायला देतो." तो पट सोडून उठला आणि आजीच्या खोलीत जाऊन बसला.

कच्चं लिंबू ही आपल्याकडची जुनी आणि मायेची सोय आहे. लपाछपीत, लंगडीत, विटीदांडूत लहान मुलाला खेळायला तर घ्यायचं, पण तो बाद झाला तरी धरायचं नाही. अडचण एवढीच की कच्च्या लिंबाला आपण कच्चं लिंबू आहोत हे पक्कं कळतं. आपण जिंकलो तरी ते मोजलं जाणार नाही, हे त्याला ठाऊक असतं. लहान-मोठी मुलं एकत्र खेळतील असा पट करणाऱ्यापुढचा खरा प्रश्न इथेच आहे. प्रत्येकाला वेगळी ताकद द्यायची, पण अशी की कुणालाच ओशाळवाणं वाटू नये आणि कुणालाच आयता विजय मिळू नये.

आपल्या जुन्या खेळांनी या प्रश्नाची दोन टोकाची उत्तरं दिली आहेत. एक मोक्षपट, म्हणजे आजच्या सापशिडीचा पूर्वज. त्याचं नातं आपली परंपरा ज्ञानेश्वरांशी जोडते. तिथे सगळे खेळाडू सारखे, सगळं दानावर. कुणाशी अन्याय होण्याचा प्रश्नच नाही, पण खेळणाऱ्याच्या हातातही काही नाही. दुसरं उत्तर वाघ-शेळीचं. हा खेळ दक्षिणेत दगडी ओट्यांवर कोरलेला सापडतो. शेजारचे आजोबा त्याला तेलुगूत पुली-मेका म्हणतात, आमच्या कानडी दूधवाल्यांकडे तोच आडु-हुली आटा. तीन वाघ आणि पंधरा शेळ्या. वाघ शेळीवरून उडी मारून तिला खातो. शेळीला कुणालाच मारता येत नाही, ती फक्त वाघाची वाट अडवू शकते, आणि सगळ्या वाघांना हलता येईनासं झालं की शेळ्या जिंकतात. दोन्ही बाजूंत काहीही सारखं नाही. संख्या वेगळी, चाल वेगळी, जिंकण्याची व्याख्यासुद्धा वेगळी. तरी चांगले दोन खेळाडू बसले की डाव कुणीकडेही झुकू शकतो. समतोल म्हणजे सारखेपणा नव्हे, हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा या खेळाने जास्त चांगलं शिकवलं.

पण तीन आणि पंधरा हे आकडे कुणीतरी कधीतरी खेळून खेळून शोधले असणार. आमचे आकडे आम्हालाच शोधायचे होते. म्हणून मी वही घेतली.

आधी साध्या फाशाचा हिशेब. १ ते ६ यांची बेरीज २१, भागिले ६, म्हणजे सरासरी ३.५. चाळीस घरं पार करायला काहीच शक्ती नसलेल्या साध्या प्राण्याला सुमारे ११.४ डाव, म्हणजे पाळ्या, लागतात. आता आमचा काळवीट. दोनदा टाकून मोठा आकडा घेतला तर ३६ जोड्यांपैकी ११ जोड्यांत ६ मिळतो आणि १ वर समाधान मानायची पाळी फक्त एका जोडीत येते. सरासरी निघते ४.४७, जवळजवळ साडेचार. म्हणजे काळवीट नऊ डावांच्या आत पाणवठ्यावर. दुसऱ्या शब्दांत सांगायचं तर साधा प्राणी ४० घरं चालतो तेवढ्या वेळात काळवीट ५१ घरं चालतो. अकरा घरांची आघाडी! "दोनदा टाकायचं" हे ऐकायला छोटं वाटतं, पण चाळीस घरांच्या पटावर ते पाव पट फुकट दिल्यासारखं होतं. मुलांनी हे गणित केलेलं नव्हतं. त्यांनी एका दिवसाच्या खेळात ते ओळखलं होतं. मुलं एकाच सोंगटीसाठी भांडतात तेव्हा ती पट करणाऱ्याला फुकटात मोजमाप करून देत असतात, हे तेव्हापासून मी धरून चालते.

शक्ती मोठी असायला हरकत नाही, पण तिची किंमत पटावर कुठेतरी वसूल झाली पाहिजे. आम्ही काळविटासाठी बोरी-बाभळींची काटेरी घरं आखली. तिथे फक्त काळवीट अडकतो आणि एक डाव चुकतो. अशी घरं किती हवीत? इथे एक फार सुंदर गोष्ट सापडते. वेगवान प्राणी मोठ्या उड्या घेतो, म्हणून ठरावीक घरावर त्याचा पाय पडण्याची शक्यता कमी. सरासरी ४.४७ असेल तर कुठल्याही एका घरावर तो साधारण साडेचारांतून एकदा थांबतो. पण अडकला तर त्याचं नुकसानही मोठं, कारण त्या एका डावात तो साडेचार घरं गेला असता. शक्यता कमी, नुकसान जास्त, आणि दोन्ही एकमेकांना बरोबर कापतात. उरतं एकच घर. म्हणजे "एक डाव चुका" असं प्रत्येक घर रस्ता सरासरी एका घराने लांबवतं, मग प्राणी हळू असो की वेगवान. कासवालाही तेवढंच आणि काळविटालाही तेवढंच.

म्हणून अकरा घरांची आघाडी फेडायला अकरा काटेरी घरं लागली. कागदावर हिशेब चोख झाला आणि पटावर खेळ मेला. काळवीट घेणारं मूल एका खेळात दोन-तीनदा हात बांधून बसायला लागलं. सहा-सात वर्षांच्या मुलाला हरणं एकवेळ चालतं, पण पाळी न मिळणं अजिबात सहन होत नाही. ते उठतं, पाणी प्यायला जातं, परत येत नाही. मुलांच्या खेळात किंमत वसूल करावी ती पाळी काढून घेऊन नव्हे, हा धडा आम्ही तिथे घेतला. काटेरी घरं खोडली आणि काळविटाचीच शक्ती कमी केली: १ किंवा २ पडला तर पुन्हा एकदा टाकायचं. सरासरी आली ४.१७. अजूनही वेगवान, पण उधळलेला नाही.

आता बाकीच्यांना त्याच्या बरोबरीला आणायचं होतं. त्यासाठी सगळ्यांसाठी एक समान माप हवं. वेग, सुरक्षितता, उडी, निवड या गोष्टी एकमेकींशी थेट तोलता येत नाहीत, जसं मीटरभर कापड आणि किलोभर सूत तोलता येत नाही. पण दोन्हींचे रुपये करता येतात. आमचा रुपया ठरला "किती डावांत पोचतो".

पटावर सहा घरांत लांडगा बसवला. इथे मी थोडी अडून बसले. लांडगा हाही नान्नजच्या माळाचाच रहिवासी, त्याला खलनायक करायचं नव्हतं. म्हणून त्या घरावर "लांडग्याने खाल्लं" असं नाही, "लांडगा दिसला, ४ घरं मागे पळा" असं चित्र आहे. साध्या प्राण्याचा पाय अशा सहा घरांपैकी सरासरी १.७ घरांवर पडतो, दर वेळी चार घरं मागे, म्हणजे साधारण सात घरं वाढली. चाळिसाची सत्तेचाळीस झाली, आणि साध्या प्राण्याला आता १३.४ डाव लागायला लागले. हा आमचा पाया. ज्याला काहीच शक्ती नाही त्याचा हा आकडा, आणि कुठल्याही प्राण्याची शक्ती म्हणजे या आकड्यातून तो किती कमी करू शकतो ते.

काळवीट याच हिशेबाने ११ डावांत पोचतो. मग सायाळ. भाच्याचा आग्रह होता की सायाळीने काटे फेकून मारावेत. पण सायाळ काटे फेकत नाही. ती पाठ फिरवते, काटे उभारते आणि शत्रूच्या अंगावर उलटी धावून जाते, आणि सैल काटे त्याला रुततात. हे सांगितल्यावर त्यानेच नियम सुचवला: सायाळीला लांडग्याची भीती नाही, त्या घरात ती खुशाल उभी राहील. मग तिच्यासाठी पट पुन्हा चाळीस घरांचा झाला. ११.४ डाव. खोकडाला, म्हणजे आपल्या माळावरच्या छोट्या कोल्ह्याला, बिळं दिली. त्याच्या बिळाला खरोखरच अनेक तोंडं असतात. चार घरांवर बिळाची तोंडं, तिथे पाय पडला की सहा घरं पुढच्या तोंडातून बाहेर. हिशेब जवळजवळ तोच, साडेअकरा डाव.

हे आकडे ढोबळ आहेत. मागे पळालेला प्राणी पुन्हा त्याच लांडग्यावर येऊ शकतो, बिळातून उडी मारताना वाटेतला लांडगा चुकतो, हे सगळं त्यात धरलेलं नाही. पण सुरुवातीला एवढं पुरतं. पहिल्या दिवशी काळवीट आणि बाकीचे यांच्यात अडीच डावांचं अंतर होतं, आता अर्ध्या डावाचं उरलं.

टिटवीने मात्र मला विचारात पाडलं. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि कुणी जवळ येताना दिसलं की ओरडून सगळा माळ जागा करते. सगळ्यांवर लक्ष ठेवणारा हा पक्षी, म्हणून त्याची शक्ती अशी: स्वतः फासा टाकण्याऐवजी आधीच्या खेळाडूने नुकताच टाकलेला आकडा घेता येतो. नीट खेळलं तर, म्हणजे आधीचा आकडा ४, ५ किंवा ६ असेल तेव्हाच उचलला तर, सरासरी ४.२५ येते. डावांत सांगायचं तर १०.७, पाचांत सगळ्यांत चांगला आकडा. शिवाय पुढे लांडगा असेल तर तोही टाळता येतो. अकरा वर्षांच्या भाचीच्या हातात टिटवी फार जड जायला लागली. आणि धाकट्याच्या हातात? तो फासा टाकून मोकळा होतो, मग कुणीतरी आठवण करतं, "अरे, तुला सहा घेता आला असता!" त्याच्यासाठी टिटवी म्हणजे साधा प्राणी, १३.४ डाव.

म्हणजे एकाच सोंगटीची किंमत खेळणाऱ्यागणिक बदलते. ज्या शक्तीत निर्णय घ्यावा लागतो ती मोठ्या मुलाकडे फुलते आणि लहानाकडे कोमेजते. मुलांचा पट करताना हे लक्षात आलं नाही तर कागदावरचा समतोल कुणासाठी आहे, हाच प्रश्न उरतो. मला यातून एक चांगली वाटही दिसली. सायाळीत काहीच ठरवावं लागत नाही, लक्षात ठेवायचं म्हणजे एवढंच की मला भीती नाही. सहा वर्षांच्या मुलाने सायाळ घेतली तर तो पूर्ण ताकदीने खेळतो, आणि कुणी त्याला सवलत दिलेली नसते. सायाळ ही सन्मानाने मिळालेली सवलत आहे. धाकटा आता स्वतःहून ती मागतो आणि लांडग्याच्या घरात मुद्दाम सोंगटी आपटून ठेवतो.

वेगळेपणाबद्दल इथेच सांगून टाकते. प्राणी वेगळे आहेत की नाहीत, हे चित्रांवरून किंवा नियमांवरून कळत नाही. मूल आपल्या पाळीला पटावर कुठे बघतं, यावरून कळतं. खोकड घेतलेलं मूल पुढच्या बिळापर्यंतची घरं बोटाने मोजतं. टिटवीवालं दुसऱ्यांच्या फाशाकडे डोळे लावून बसतं. काळविटाचं मूल फासा टाकताना "एक नको" न म्हणता "एक येऊ दे, पुन्हा टाकतो" म्हणतं. आधी आमच्याकडे ससा होता, त्याला "दर डावाला एक घर जास्त" अशी शक्ती होती. सरासरी ४.५, हिशेब बरा बसवता आला असता. पण ससा घेतलेलं मूल बाकी सगळ्यांसारखंच फासा टाकायचं आणि एक घर पुढे सरकायचं. तो काळविटाचाच धाकटा भाऊ होता. ससा काढला, कुणालाही त्याची आठवण आली नाही.

आता माळढोक. मला या लेखात सगळ्यांत जास्त सांगायचं आहे ते त्याच्याबद्दल.

माळढोक हा वजनदार पक्षी. मोठा नर पंधरा किलोपर्यंत भरतो. घाई नाही, गवतातून संथ पावलांनी चालत राहणं हा त्याचा स्वभाव. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. समोरचं त्याला नीट दिसत नाही आणि जड शरीर पटकन वळत नाही, म्हणून विजेच्या तारांना धडकून माळढोक मरतात. मुलांना हे सगळं ठाऊक होतं, आणि त्याला पटावर मारायचं नाही यावरही ती ठाम होती. म्हणून त्याला फासाच दिला नाही. माळढोक दर डावाला नेमकी ३ घरं चालतो, चार घरं पुढून निघतो, आणि लांडग्यांची घरं त्याच्या पावलांत येणार नाहीत अशी आखली आहेत. छत्तीस घरं, तीन-तीनने, बरोबर १२ डाव. बाकीच्यांचे १०.७ ते ११.५ डाव, आणि शेवटच्या डावात आकडा पाणवठा ओलांडून जातो त्याचा अर्धा डाव धरला, तर तेही सव्वाअकरा-बारापाशीच येतात. म्हणजे बरोबरी झाली.

पण माळढोक जिंकेना. शेवटचा कधीच नसायचा, पहिला जवळजवळ कधीच नाही. मुलांनी त्याला घेणं बंद केलं. आमच्याकडे एका वेळी चौघं खेळतात, पाच प्राण्यांची पाच कार्डं आहेत, त्यामुळे प्रत्येक खेळात एक कार्ड उरतं. रोज उरायचा तो माळढोक. खऱ्या माळावर दिसत नाही, आता पटावरही नाही, याचं मला मनापासून वाईट वाटलं आणि मी वही पुन्हा उघडली.

चूक सरासरीत नव्हती. चूक ही होती की शर्यतीत सरासरी जिंकत नाही, सगळ्यांत पुढचा जिंकतो. फासा टाकणारे तिघं कधी नऊ डावांत पोचतात, कधी चौदांत. माळढोक नेहमी बारांत. प्रत्येकाशी एकेकट्याने शर्यत लावली तर माळढोक जिंकण्याची शक्यता साधारण निम्मी. पण त्याला तिघांनाही एकाच वेळी हरवायचं आहे. तिघांचीही नशिबं त्याच दिवशी मंद असली पाहिजेत. निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं: आठांत एकदा. चौघांच्या खेळात न्याय म्हणजे चारांत एकदा. सरासरी अगदी सारखी असूनही माळढोकाच्या वाट्याला निम्माच न्याय येत होता!

ज्या खेळात एकच पहिला येतो तिथे चढउतार हीच एक ताकद असते, आणि स्थिर चालणाऱ्याला त्याची भरपाई द्यावी लागते. किती? चारांत एकदा जिंकायचं तर प्रत्येकाविरुद्धची त्याची शक्यता निम्म्यावरून सुमारे ०.६३ वर न्यावी लागते, कारण ०.६३ ला तीनदा गुणलं की पाव होतो. आमच्या पटावर त्याला साधारण एक डाव पुरतो. एक डाव म्हणजे तीन घरं. माळढोक आता चारऐवजी सात घरं पुढून निघतो आणि अकराव्या डावात पाणवठ्यावर असतो. भाचीने विचारलं, "म्हणजे त्याला जास्त दिलं ना?" हो, सरासरीने जास्त दिलं, आणि म्हणूनच बरोबर झालं. तिला हे पटायला दोन दुपारी लागल्या. खरं तर मलाही.

फाशाऐवजी चिंचोके वापरले तर हा चढउतार बदलतो. चिंचोके मधोमध फोडून चार तुकडे घ्यायचे, एक बाजू पांढरी, एक काळी. सोलापुरात चिंचोक्यांचा हा खेळ तीन भाषांत खेळला जातो: चल्लस आठ, अष्टा चम्मा, चौका बारा. जितके पांढरे वर तितकं दान, चारही काळे पडले तर आठ. सोळांतून सहा वेळा २ पडतो आणि आठ फक्त एकदाच. म्हणजे बहुतेक वेळा बेताची चाल आणि क्वचित एक मोठी झेप. सरासरी २.५. फाशासाठी केलेला सगळा हिशेब इथे नव्याने मांडावा लागतो, आणि फोडलेला चिंचोका दोन्ही बाजूंना सारखा पडतोच असंही नाही. शंभरदा टाकून खुणा करा, मग विश्वास ठेवा.

"नेमका आकडा पडला तरच घरात जायचं" हा नियम मुलांना फार आवडतो, कारण सापशिडीत तो असतो. आमच्याकडे तो ठेवला नाही. एक ठरावीक आकडा पडायला सरासरी सहा डाव लागतात. अकरा डावांच्या खेळाला सहा डावांचं शेपूट लावलं की वेगवान काळवीट पाणवठ्याच्या काठावर तडफडत राहतो आणि आधीच्या सगळ्या हिशेबावर पाणी पडतं. पहिल्या पाळीचा फायदा काढून टाकणं सोपं आहे: कुणी पोचला तरी फेरी पूर्ण करायची, आणि दोघं पोचले तर जो जास्त ओलांडून गेला तो जिंकला. माळढोक ओलांडून जातच नाही, त्यामुळे अशा बरोबरीत तो हरतो. मुलांनी ठरवलं की बरोबरीत माळढोक जिंकेल. मी ते मान्य केलं.

आता पारख. वीस खेळ खेळून सायाळ दोनदाच जिंकली, म्हणजे ती कमजोर आहे का? इतक्यात काही म्हणता येत नाही. चौघांच्या वीस खेळांत प्रत्येकाच्या वाट्याला पाच विजय येतील अशी अपेक्षा, पण निव्वळ नशिबाने दोन ते आठ यांच्यामध्ये कुठेही आकडा येऊ शकतो. शंभर खेळांत पंचवीसची अपेक्षा धरली तर सतरा ते तेहेतीस हा साधा चढउतार आहे. त्याबाहेर गेला तर काहीतरी चुकतंय. मोठ्या मुलांना घेऊन शंभर खेळ होतात, सुट्टी लांब असते. पण खेळांची नोंद ठेवताना प्राणी फिरवत ठेवा. भाची नेहमी टिटवीच घेत राहिली तर टिटवी जिंकतेय की भाची, हे कळायचं कसं? चार मुलं, चार प्राणी, चार खेळ: प्रत्येकाला प्रत्येक प्राणी एकदा मिळेल अशी चौकट वहीत आखली की हा घोळ मिटतो. बसण्याची जागाही फिरवा, कारण टिटवीच्या आधी कोण बसलंय यावर तिला कुठले आकडे मिळतात ते ठरतं. तिच्या आधी तीन-तीन चालणारा माळढोक बसला तर टिटवीला उचलायला नेहमी तीनच! हे आम्हाला आठवड्यानंतर कळलं.

विजयांइतकीच दुसरी नोंद मला महत्त्वाची वाटते: शेवटी कुठलं कार्ड उरतं. विजय नशिबाने हलतात, पण मुलांची निवड तितकी हलत नाही. एखादं कार्ड रोज उरत असेल तर ते कमजोर तरी आहे किंवा कंटाळवाणं तरी. दोन्हींवर उपाय वेगळा. कमजोर असेल तर आकडे बदला, कंटाळवाणं असेल तर आकड्यांना हात लावू नका, त्या मुलाला पटावर बघायला काहीतरी द्या.

कार्डांवर आम्ही अक्षरं ठेवली नाहीत. आमच्या पाच मुलांत घरची भाषा मराठी, तेलुगू आणि उर्दू आहे, आणि धाकट्याला अजून एकही नीट वाचता येत नाही. म्हणून काळविटाच्या कार्डावर १ आणि २ चे फासे आणि वळलेला बाण. सायाळीवर लांडगा आणि त्यावर फुली. एका कार्डावर एक शक्ती, एका चित्रात मावेल एवढी. जी शक्ती चित्रात मावत नाही ती सहा वर्षांच्या डोक्यातही मावत नाही. टिटवीचं चित्र अजून जमलेलं नाही. सोंगट्यांना रंगाबरोबर आकारही वेगळा दिला: बटण, कांडीचा तुकडा, बाटलीचं झाकण, शेंगेचं टरफल, गोटी. लाल-हिरवा न ओळखणारी मुलं आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त असतात, आणि ती ते बोलून दाखवत नाहीत.

गेल्या रविवारी धाकट्याने जाहीर केलं की त्याला लांडगा व्हायचंय. लांडग्याला लांडग्याची भीती नाही, हे उघड होतं, उलट आपल्या घरात पोचला की त्याने चार घरं पुढे धावायला हवं. मी वही उघडायच्या आत भाची म्हणाली, "न भिण्याने तो सायाळीएवढा झाला. वर सहा घरांवर चार-चार पुढे, म्हणजे आणखी सात घरं. हे जास्त झालं." मी म्हटलं, "मग काटेरी घरं लावायची?" "नको, त्याची पाळी जाईल." ती थोडा वेळ पटाकडे बघत राहिली. मग तिने पोत्यातून जॅकार्डचं आणखी एक कार्ड काढलं आणि ते माळाच्या कडेच्या मागे, सुरुवातीच्या घराच्याही अलीकडे ठेवलं. त्यावर सात घरं आखली. "लांडगा इथून निघेल. कळपाच्या मागून."

धाकट्याने डिंकाची बाटली आणली.